काकांचा स्टीरिओ रिसीव्हर: मोजक्या पैशांतल्या एका निवडीचं प्रकरण

काकांकडे नव्वदच्या दशकातला स्टीरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच खोक्यात), त्याच काळातले दोन बुकशेल्फ स्पीकर आणि त्याहून जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. रिसीव्हरचा डावा आवाज अधूनमधून गायब व्हायला लागला तेव्हा नवा घ्यायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. काकांची मागणी एका वाक्यात होती: “अरे, चांगला शंभर वॅटचा घे, म्हणजे पुन्हा बघायला नको.” काकूंचं म्हणणं निराळं. टीव्हीवर कोण काय बोलतंय ते कळत नाही, आवाज वाढवला की नुसतं घुमतं, त्यावर काहीतरी कर. आणि रिमोटची संख्या वाढवू नकोस.

बजेट बेताचं होतं. प्रसिद्ध कंपन्यांच्या यादीतल्या सगळ्यात खालच्या दोन पायऱ्या एवढंच आमचं क्षेत्र. स्पीकर बदलायचे नाहीत, हेही काकांनी आधीच बजावलं होतं.

बिघाड नेमका कुठे

नवीन काही घेण्याआधी जुन्याचं निदान करावं, नाहीतर दोष स्पीकरमध्ये असायचा आणि आपण रिसीव्हर बदलून बसायचो. पद्धत सोपी आहे. रिसीव्हर बंद करून डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करायच्या. दोष दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर तो रिसीव्हरचा किंवा त्याच्याही मागचा. त्याच स्पीकरपाशी राहिला तर स्पीकरचा किंवा वायरीचा. काकांकडे दोष पलीकडे गेला. मग रेकॉर्डऐवजी रेडिओ लावून पाहिला, तरी तोच प्रकार. म्हणजे रेकॉर्ड प्लेअर सुटला, रिसीव्हर सापडला.

आणखी एक खूण मिळाली. आवाज बारीक असताना डावी बाजू जायची आणि नॉब जोरात फिरवला की टचकन परत यायची. जुन्या रिसीव्हरमध्ये हे लक्षण बहुतेक वेळा स्पीकरच्या रिलेचं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्याचं, असतं. यंत्र चालू केल्यावर दोन-चार सेकंदांनी आतून ‘टक्’ असा जो आवाज येतो, तो या रिलेचा. त्याच्या संपर्कबिंदूंवर काट चढली की बारीक सिग्नल पलीकडे जात नाही, मोठा सिग्नल मात्र ती काट भेदून जातो. रिले बदलणं हे हात बसलेल्या कारागिराचं तासाभराचं काम. त्यामुळे सगळ्यात स्वस्त पर्याय ‘दुरुस्ती’ हाच होता, आणि तो मी काकांपुढे ठेवला. पण त्या यंत्राला रिमोट नव्हता, टीव्हीसाठी डिजिटल सॉकेट नव्हतं, फोनवरची गाणी लावायची सोय नव्हती. काकांचे गुडघे आता दर गाण्याला उठू देत नाहीत. दुरुस्ती करूनही गरज भागली नसती.

स्पीकरही तपासले. नव्वदच्या दशकातल्या स्पीकरांत वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याच्या, कडेची गादी पुष्कळदा फोमची असते, आणि तो फोम पंधरा-वीस वर्षांत आपोआप कुजतो. बोटाने हलकेच दाबलं की भुगा हातात येतो. तसं असेल तर नव्या रिसीव्हरचे पैसे आधी स्पीकरकडे वळवावे लागतात. काकांच्या स्पीकरची कड रबराची निघाली, मऊ आणि शाबूत. पाठीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं: ८ ओहम, ८७ डेसिबल. ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा, डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी; पुढचं सगळं गणित या दोन आकड्यांवर बसलं.

शंभर वॅटचा हट्ट

८७ डेसिबल याचा अर्थ, ८ ओहमच्या या स्पीकरला १ वॅट दिला तर एक मीटरवर तेवढा आवाज मिळतो. काकांचा सोफा स्पीकरपासून अडीच मीटरवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो, त्या हिशोबाने अडीच मीटरवर सुमारे ८ डेसिबल गेले. दोन स्पीकर मिळून ३ परत आले. म्हणजे सोफ्यावर, प्रत्येक स्पीकरला १ वॅट दिल्यावर, ८२ डेसिबल. खोलीच्या भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्तच मिळतो, पण हिशोब कंजूषपणे केलेला बरा.

आता काका ऐकतात किती मोठ्याने? फोनमधलं आवाज मोजायचं ॲप काटेकोर नसतं, तरी अंदाजाला पुरतं. त्यांची नेहमीची पातळी ७० डेसिबलच्या आसपास निघाली. ८२ पेक्षा १२ डेसिबल कमी, म्हणजे एक षोडशांश वॅट. वॅटचा सोळावा भाग! संगीतात सरासरीपेक्षा वर उसळणारे क्षण असतात, तबल्याची एखादी थाप, समूहगानाचा एखादा चढ. त्यांना सरासरीच्या वर २० डेसिबल धरले तर ९० डेसिबल होतात, आणि त्यासाठी साडेसहा वॅट पुरतात.

हे काकांना पटेना. “मग शंभरचा बोर्ड लावून विकतात ते काय उगाच?” उगाच नाही. घर भरलेलं आहे, सरासरी ८० वर नेली आहे आणि उसळी १०० वर जाते आहे असं धरलं, तर दर स्पीकरला ६३ वॅट लागतात. तिथे शंभर वॅटचं यंत्र आरामात निभावतं आणि पंचेचाळीसचं दीड डेसिबलने कमी पडतं. दीड डेसिबल म्हणजे नॉबची एखादी बारीक खूण. शंभर आणि पंचेचाळीस यांच्यातला पूर्ण फरकही साडेतीन डेसिबलचाच आहे. कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. पंचेचाळीसचं दुप्पट हवं असेल तर साडेचारशे वॅट घ्यावे लागतील, आणि ते या बजेटच्या दुनियेत नाहीतच.

शिवाय शंभर आणि शंभर सारखे नसतात. यामाहा आर-एस२०२ या लोकप्रिय स्वस्त रिसीव्हरचे शंभर वॅट ८ ओहमवर, ४० ते २०,००० हर्ट्झमध्ये आणि ०.२ टक्के विकृतीला (आवाज मूळच्यापासून बिघडण्याचं प्रमाण) मोजलेले आहेत. ओंक्यो टीएक्स-८२२० चे ४५ वॅट ८ ओहमवरच, पण २० ते २०,००० हर्ट्झमध्ये, ०.०८ टक्के विकृतीला आणि दोन्ही बाजू एकदम चालू ठेवून. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत, पण मोजपट्टी वेगळी. खालच्या २० ते ४० हर्ट्झच्या पट्ट्यात वीजपुरवठ्याची खरी दमछाक होते, आणि तो पट्टा मोजणीतून वगळला की आकडा फुगायला मदत होते. याच वर्गातल्या माहितीपत्रकांत कधी कधी तिसराच प्रकार दिसतो: ६ ओहम, फक्त १ किलोहर्ट्झ, एकच बाजू चालू आणि १० टक्के विकृती. १० टक्क्यांना आवाज उघड फाटलेला असतो. आवाज फाटल्यानंतरचे वॅट ऐकण्याच्या कामाचे नाहीत.

हा गोंधळ जुना आहे. साठच्या दशकात अँप्लिफायरच्या जाहिरातींतले वॅट इतके सैल झाले होते की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये घरगुती अँप्लिफायरचे वॅट कसे जाहीर करायचे याचा नियमच काढला. २०२४ मध्ये तो आणखी कडक केला: ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, विकृती १ टक्क्याच्या आत. ज्यांनी ‘पीएमपीओ’, म्हणजे क्षणभराच्या कमाल वॅटचा फुगवलेला आकडा, छापलेले टेपरेकॉर्डर पाहिले आहेत त्यांना अशा नियमाची गरज समजावून सांगायला नको. काकांनी ते पाहिले होते, तरी शंभरचा मोह सुटत नव्हता.

मी त्यांच्यापुढे एकच अट ठेवली. आकडा बघायचा तर ओळ पूर्ण वाचायची: किती ओहम, कुठून कुठपर्यंत हर्ट्झ, किती टक्के, किती बाजू चालू. चारही गोष्टी लिहिलेल्या नसतील तर तो आकडा नाही, ती जाहिरात.

मागची बाजू

वॅटचा प्रश्न मिटल्यावर निवड यंत्राच्या पाठीकडे वळली. माझ्या मते स्वस्त रिसीव्हर निवडताना पुढच्या काचेचा आणि नॉबचा फोटो बघूच नये, मागच्या सॉकेटांचा मोठा करून बघावा. या वर्गात आवाजातला फरक इतका थोडा असतो की दोन यंत्रं एकाच पातळीवर आणून, डोळे झाकून ऐकवली तर बहुतेकांना ओळखता येणार नाहीत. दुकानात ओळखता येतात, कारण तिथे एक यंत्र दुसऱ्यापेक्षा किंचित मोठ्याने वाजत असतं आणि मोठं ते चांगलं वाटतं. सॉकेट नसलं तर मात्र ते कायमचं नसतं.

काकांच्या घरात जोडायचं काय होतं? पहिला रेकॉर्ड प्लेअर. त्याची कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, मूव्हिंग मॅग्नेट जातीची. असली कार्ट्रिज ३ ते ५ मिलिव्होल्ट एवढाच सिग्नल देते, तर सीडी प्लेअरसारखं यंत्र २ व्होल्टपर्यंत देतं. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात, ते वाजवताना उलट करून घ्यावं लागतं. हे आरआयएए वळण १९५४ पासून सर्वमान्य आहे आणि ते काम रिसीव्हरमधलं ‘फोनो’ सॉकेट करतं. रेकॉर्ड प्लेअर साध्या सॉकेटात लावला तर आवाज क्षीण आणि चिरका येतो. उलट, अलीकडच्या अनेक रेकॉर्ड प्लेअरांत फोनोचं काम आतच होतं आणि पाठीवर ‘फोनो/लाइन’ असा खटका असतो. खटका ‘लाइन’वर ठेवून वायर फोनो सॉकेटात घातली तर तेच काम दोनदा होतं आणि आवाज फाटून निघतो. काकांचा प्लेअर जुना, आत काही नाही. म्हणून फोनो सॉकेट हवंच.

दुसरा टीव्ही. त्याला हेडफोनचं भोक नव्हतं, नवीन टीव्हींना बहुधा नसतंच. बाहेर निघायचे रस्ते दोन, ऑप्टिकल (प्रकाशातून डिजिटल आवाज नेणारी वायर) आणि एचडीएमआय एआरसी (एचडीएमआय वायरीतूनच टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे पाठवायची सोय). तिसरा फोन, त्याला ब्लूटूथ. चौथी गोष्ट काकूंनी मधेच घातली: स्वयंपाकघरात दोन छोटे स्पीकर पडून आहेत, तेही वाजतील का?

चार यंत्रं डोळ्यांसमोर होती. यामाहा आर-एस२०२ सगळ्यात सुटसुटीत, पण त्याला फोनोही नाही आणि डिजिटल सॉकेटही नाही. सोनी एसटीआर-डीएच१९० ला फोनो आहे, ब्लूटूथ आहे, डिजिटल सॉकेट नाही. ओंक्यो टीएक्स-८२२० ला फोनो, ऑप्टिकल, कोॲक्शियल (तांब्याच्या वायरीचं डिजिटल सॉकेट), ब्लूटूथ आणि सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा वेगळा स्पीकर, जोडायची पिन. डेनॉन डीआरए-८००एच ला हे सगळं, वर एचडीएमआय एआरसी आणि घरच्या वायफायवरून गाणी वाजवायची सोय.

पैसे पुरले असते तर मी डोळे मिटून डेनॉन घेतला असता, आणि तेही आवाजासाठी नाही, काकूंच्या रिमोटसाठी. एआरसीने जोडलं की टीव्हीच्याच रिमोटने रिसीव्हरचा आवाज कमी-जास्त होतो, टीव्ही चालू केला की रिसीव्हरही जागा होतो. रोजच्या वापरात ही सोय शंभर वॅटहून मोलाची आहे. पण तो आमच्या दोन पायऱ्यांच्या वरचा होता. ताणून घेतला असता तर काकांना ते आयुष्यभर लागून राहिलं असतं. विषय तिथेच सोडला.

मग खरी तुलना सोनी आणि ओंक्यो यांच्यात उरली. सोनीला ऑप्टिकल नाही, पण ऑप्टिकलचं ॲनालॉग करणारी छोटी डबी मिळते. सोनी अधिक डबी हा हिशोब ओंक्योपेक्षा स्वस्त पडत होता, आणि आवाजातही त्यामुळे काही बिघडलं नसतं. तरुण माणसाला मी तोच पर्याय सुचवला असता. काकांच्या बाबतीत डबी म्हणजे आणखी एक ॲडॉप्टर, आणखी दोन वायरी, आणि एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर मला फोन. ओंक्योच्या मागे एक आणखी प्रश्न होता. कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नाव दुसऱ्यांकडे गेलं. अशा वेळी हमीपत्र कोण पाळणार ते लेखी विचारून घ्यावं लागतं, तोंडी ‘होऊन जाईल’ वर जाऊ नये. ते लेखी मिळालं, म्हणून ओंक्यो.

काकांना पंचेचाळीस हा आकडा गिळायला जड गेला. खोक्यावर मोठा आकडा नव्हता याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं असावं.

जे बाजूला ठेवलं

सत्तरच्या दशकातले चांदीसारख्या पुढच्या पट्टीचे, निळसर दिव्यांचे रिसीव्हर दिसायला अजून कोणालाही भुलवतात. त्या दशकात कंपन्यांमध्ये वॅटची चुरस लागली होती. १९७६ च्या पायोनियर एसएक्स-१२५० ने दर बाजूला १६० वॅटपर्यंत मजल मारली. काकांच्या एका मित्राकडे असाच एक, जरा लहान, विकायला होता आणि आम्ही तो पाहून आलो. असं यंत्र घ्यायचं तर पाहण्याची रीत आहे. चालू केल्यावर रिलेचा ‘टक्’ किती वेळाने येतो ते ऐकायचं. स्पीकर न जोडता मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावून स्पीकरच्या टोकांवर धरायचा; ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक, त्याहून बराच वर असेल तर आपले स्पीकर त्याला लावायचे नाहीत. आवाज, बास, ट्रेबल, बॅलन्स, सगळे नॉब पूर्ण इकडून तिकडे फिरवायचे. खरखर झाली तर ती बहुधा सफाईने जाते. अगदी बारीक आवाजात दोन्ही बाजू सारख्या वाजतात का ते बघायचं. अर्ध्या तासाने वरच्या जाळीवर हात ठेवायचा, एकच बाजू पोळत असेल तर काहीतरी बिनसलंय.

मित्राचं यंत्र डीसीच्या परीक्षेत पास झालं, नॉबच्या परीक्षेत नापास. आत पन्नास वर्षांपूर्वीचे कंडेन्सर. ते बदलायचे म्हटलं तर दुरुस्तीचा खर्च यंत्राएवढा, आणि रिमोट नाहीच. ज्याला सोल्डरिंगचा नाद आहे त्याने जरूर घ्यावं.

हातात मावणारे क्लास डी अँप स्वस्त आणि जोरकस असतात, पण त्यांतल्या बहुतेकांना फोनो नसतो आणि सॉकेटं एक-दोनच. जुने एव्ही (घरच्या सिनेमासाठीचे, अनेक स्पीकरांचे) रिसीव्हर मात्र दुर्लक्षित माल आहे. त्यांचं एचडीएमआय जुनं झालं की लोक ते मातीमोल काढतात, आणि दोन स्पीकरांसाठी ते उत्तम चालतात. सबवूफर असेल तर खर्ज वेगळा काढून तिकडे वळवायची खरी सोय त्यांतच असते. साध्या स्टीरिओ रिसीव्हरची सबवूफरची पिन बहुधा नुसता खालचा सिग्नल बाहेर देते आणि मुख्य स्पीकरांवरचं ओझं तसंच ठेवते. काकांच्या कपाटात तेवढं उंच यंत्र मावलं नाही, इतकंच.

परदेशातून आणलेलं यंत्र कोणी देऊ केलं तर पाठीवरचं व्होल्ट आधी वाचा. १०० किंवा १२० व्होल्टचं यंत्र २३० वर लावलं की रिसीव्हर निवडायचं काम पुन्हा पहिल्यापासून.

जोडणी

रेकॉर्ड प्लेअर फोनोत लावला आणि स्पीकरमधून गुणगुण सुरू झाली. प्लेअरच्या वायरींसोबत एक तिसरी, बारीक, टोकाला पत्र्याची चिमटी असलेली वायर येते, ती लोंबकळत होती. फोनो सॉकेटाशेजारी ‘जीएनडी’ असा छोटा स्क्रू असतो. चिमटी त्याखाली सरकवून स्क्रू आवळला आणि गुणगुण थांबली. ही वायर पिनेची नसल्याने पुष्कळजण ती निरुपयोगी समजून कापून टाकतात.

स्पीकरच्या वायरी पाहताना मोठा दोष हाती लागला. दुहेरी वायरीच्या एका पदरावर रेघ असते, ती ओळखायला. उजव्या स्पीकरला रेघेचा पदर लाल टोकाला होता, डाव्याला काळ्या. म्हणजे एक पडदा पुढे यायचा तेव्हा दुसरा मागे जायचा, आणि दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकायचा. हे किती वर्षं असं होतं कोणास ठाऊक. पदर सरळ केले, आणि गाणारा माणूस दोन्ही भिंतींवर पसरलेला होता तो मधोमध आला. काका म्हणाले, “नव्या यंत्राचा फरक बघ!” मी त्यांना मग जुनाच रिसीव्हर, वायरी सरळ करून, पुन्हा लावून ऐकवला. डावी बाजू जाईपर्यंत तोही तसाच वाजला.

नवी वायर १.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची घेतली. पाच मीटरच्या जाण्या-येण्यात तिचा रोध ०.१२ ओहमच्या आत राहतो, ८ ओहमच्या स्पीकरसाठी ते नगण्य आहे.

टीव्हीने थोडं छळलं. ऑप्टिकल वायर लावल्यावर बातम्यांना आवाज आला, पण चित्रपटांच्या एका ॲपवर शुकशुकाट. कारण असं की टीव्ही ‘ऑटो’वर असला की तो काही कार्यक्रमांचा आवाज डॉल्बीच्या गाठोड्यात बांधून पाठवतो, आणि असल्या स्टीरिओ रिसीव्हरला फक्त साधा, न बांधलेला डिजिटल आवाज, म्हणजे पीसीएम, समजतो. टीव्हीच्या ध्वनी मेन्यूत जाऊन डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ केलं की काम झालं. तिथेच टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करायला विसरू नये, नाहीतर दोन्हीकडून किंचित मागेपुढे आवाज येतो आणि बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं. टीव्हीचा आवाज ब्लूटूथने घेऊ नये हेही त्याच कारणाने. ओठ आणि शब्द यांत अंतर पडतं. गाण्यांना त्याने काही बिघडत नाही.

काकूंच्या तक्रारीचं मूळ मात्र रिसीव्हरमध्ये नव्हतंच. स्पीकर कपाटावर, छताजवळ, भिंतीला चिकटवून ठेवलेले होते, एक तर थेट कोपऱ्यात. कोपरा खर्ज फुगवतो आणि फुगलेल्या खर्जाखाली व्यंजनं झाकली जातात. शब्द कळतो तो व्यंजनांवर. स्पीकर खाली आणले, ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, भिंतीपासून हातभर पुढे, तोंडं सोफ्याकडे किंचित वळवून. टीव्हीसाठी बास दोन खुणा खाली केला. काकूंनी एक मालिका पाहिली आणि आवाज आपणहून कमी केला. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा फरक हाच, आणि त्याला पैसे पडले नाहीत.

रात्री नेमकं उलटं करावं लागतं. आवाज बारीक केला की कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्ये मोजून दाखवलं, आणि रिसीव्हरवरचं ‘लाउडनेस’ बटण त्याच मोजणीतून आलं. काका रात्री उशिरा, शेजारच्या खोलीत कोणी झोपलेलं असताना ऐकतात. तेव्हा बासचा नॉब थोडा वर. टोन कंट्रोलला नाकं मुरडणारे लोक आहेत. त्यांनी रात्री अकरा वाजता बारीक आवाजात काही ऐकून बघावं.

स्वयंपाकघरातले स्पीकर रिसीव्हरच्या दुसऱ्या, ‘बी’ जोडीच्या टोकांवर लावले. ते ६ ओहमचे आहेत. ए आणि बी दोन्ही एकदम चालू केले तर ८ आणि ६ मिळून रिसीव्हरला साडेतीन ओहमच्याही खालचा भार पडतो, आणि स्वस्त यंत्राला तो मानवत नाही. गरम होऊन ते स्वतःला बंद करतं, किंवा एके दिवशी कायमचं. म्हणून एका वेळी एकच जोडी. दोन बटणांच्या मध्ये कागदाची पट्टी चिकटवून त्यावर काकूंच्या अक्षरात लिहिलंय: दोन्ही एकदम दाबू नये.

सध्याची स्थिती

फोनवरची गाणी आधी ब्लूटूथने वाजत होती. फोन आला की गाण्याच्या जागी घंटी वाजायची, म्हणून पुढे वायफायवर चालणारा एक छोटा स्ट्रीमर, म्हणजे नेटवरची गाणी रिसीव्हरला देणारी डबी, मागच्या साध्या सॉकेटला लावला. रिसीव्हरच्या आतच वायफाय असण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. अँप्लिफायर वीस वर्षं टिकतो, ॲप आणि सेवा तेवढ्या टिकत नाहीत. गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये आलं आणि २०१९ च्या सुरुवातीला त्याचं उत्पादनही थांबलं. बाहेरची डबी जुनी झाली की डबीच बदलायची. डबी नको म्हणून सोनी सोडला आणि शेवटी एक डबी आलीच, हे काकांनी मला ऐकवून झालं आहे. फरक एवढा की ही बंद पडली तरी टीव्ही आणि रेकॉर्ड चालू राहतात.

रिसीव्हरच्या डोक्यावर पुस्तकं ठेवायची जुनी सवय मोडावी लागली. वरची जाळी उष्णता बाहेर सोडायला आहे, तिच्यावर वीतभर मोकळी जागा हवी.

रिमोट दोनच आहेत, टीव्हीचा आणि रिसीव्हरचा. काकूंना ते मान्य नाही. टीव्हीसाठी वापरतो त्या, बॉक्ससोबत आलेल्या रिमोटला दुसऱ्या रिमोटची बटणं शिकवता येतात असं दिसतंय. आवाजाची दोन बटणं त्यात बसली तर रिसीव्हरचा रिमोट कपाटात जाईल. सबवूफरचा विषय काकांनी काढला होता. स्पीकर जागेवर बसल्यावर त्यांनी तो सध्या बाजूला ठेवलाय, पिन मागे मोकळी आहे. जुन्या रिसीव्हरचा रिले बदलून घेतला आणि तो काकांच्या त्याच मित्राने नेला, ज्याचा चांदीच्या पट्टीचा रिसीव्हर आम्ही नाकारला होता.